गॅस भरला, गळती तशीच: दुरुस्तीची वॉरंटी संपल्यावर ग्राहक आयोगात

दुरुस्तीच्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असते: ‘बदललेल्या पार्टवर ९० दिवस वॉरंटी. गॅस व लेबरवर वॉरंटी नाही.’ चार महिन्यांनी फ्रिज पुन्हा थंड करेनासा झाला की सर्व्हिस सेंटरचा माणूस याच ओळीवर बोट ठेवतो आणि नव्या गॅसचं नवं एस्टिमेट पुढं करतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर असताना फ्रिज बंद ठेवून भांडत बसायची कुणाची तयारी नसते. माणूस मुकाट्यानं पैसे भरतो. जुळे सोलापुरातला आमचा डबल डोअर फ्रिज असाच दुसऱ्यांदा बसला, तेव्हा आम्ही प्रकरण जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात नेलं. तिथं काय टिकलं, काय टिकलं नाही आणि कुठला कागद कशासाठी लागला, ते इथं लिहितो.

९० दिवसांची वॉरंटी म्हणजे त्या मुदतीत पार्ट गेला तर कारण न विचारता फुकट बदलून देण्याची हमी. मुदत संपली की हा हक्क संपतो, याबद्दल वाद नको. पण पैसे घेऊन केलेलं काम मुळात नीट केलंच नव्हतं, हा दावा वेगळा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ (लागू २० जुलै २०२०) याच्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे. कामाच्या दर्जात किंवा पद्धतीत राहिलेली उणीव त्यात येतेच, शिवाय निष्काळजीपणा आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून न सांगणं हेही येतं. अशा त्रुटीबद्दल तक्रार करायला कलम ६९ दोन वर्षं देतं. वॉरंटीच्या आत कारण कुणी विचारत नाही, वॉरंटीबाहेर कारण तुम्हाला दाखवावं लागतं. सगळी मेहनत त्या एका गोष्टीसाठी.

म्हणून सगळ्यात आधी ठरवायचं ते हे की दुसऱ्यांदा आलेला बिघाड तोच आहे की नवा. मार्चमध्ये गॅस भरला आणि जुलैमध्ये डिफ्रॉस्ट हीटर, थर्मल फ्यूज किंवा फॅनची मोटर गेली, तर लक्षण ‘थंड होत नाही’ हेच असलं तरी बिघाड नवा आहे. त्यात पहिल्या दुरुस्तीचा दोष दाखवता येत नाही, पैसे भरून मोकळं व्हावं. पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुसऱ्यांदा गेला तर बोर्डवरचा व्हॅरिस्टर बघावा. पुरवठ्याच्या तोंडाशी असलेली ती निळी चकती काळी पडलेली किंवा फुटलेली असेल तर व्होल्टेजचा झटका बसलाय, आणि वळवाच्या पावसात लाईट जाऊन-येऊन करते तेव्हा हे सर्रास होतं. अशा प्रकरणात आयोगात गेलं तर हात हलवत परत यावं लागेल. गॅसचं मात्र तसं नाही. तिथं त्याच दोषाची पुनरावृत्ती शोधायला सोपी असते.

‘गॅस संपलाय ओ, भरला की झालं’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हावं. फ्रिजची नळी सीलबंद असते. गाडीतलं पेट्रोल जळतं तसा गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. ती जागा न शोधता नुसता गॅस भरला तर तोही तिथूनच जाणार, गळती बारीक असेल तर महिन्यांनी, मोठी असेल तर आठवड्यात. ९० दिवसांच्या जरा पुढं जाणारी दुरुस्ती बहुधा बारीक गळतीवर नुसता गॅस भरलेली असते.

आता बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. भरायचं प्रमाण मागच्या पाटीवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं, साधारण ४० ते ७० ग्रॅम. इतक्या थोड्या गॅसमध्ये पाच-सात ग्रॅमची चूकही कूलिंगवर दिसते, म्हणून तो वजनकाट्यावरच भरावा लागतो. नुसतं गेज बघून, हात लावून ‘पाईप गार लागला’ म्हणत भरणं चालत नाही. हा गॅस उणे ११.७ अंशाला उकळतो. फ्रिझरच्या नळीचं तापमान त्याच्याही खाली असल्यामुळे मशीन चालू असताना त्या बाजूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथं छिद्र असेल तर मशीन चालू असताना गॅस बाहेर जाण्याऐवजी हवा आणि दमटपणा आत ओढला जातो. दमट हवेतलं पाणी कॅपिलरीच्या, म्हणजे गॅस फ्रिझरकडे सोडणाऱ्या केसासारख्या बारीक नळीच्या, तोंडाशी गोठतं, वाट बंद होते, दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो. म्हणजे गळती न शोधता भरलेला गॅस नुसता वाया जात नाही, चांगल्या कॉम्प्रेसरलाही घेऊन बसतो. ‘कॉम्प्रेसरला १० वर्षं वॉरंटी’ या जाहिरातीचा इथं उपयोग थोडाच, कारण त्यात बहुधा फक्त कॉम्प्रेसरचा डबा येतो, गॅस, मजुरी आणि नळ्या येत नाहीत.

नीट दुरुस्ती कशी असते हे माहीत असेल तरच काय केलं नाही ते सांगता येतं. आधी उरलेला गॅस सुरक्षित, हवेशीर जागी काढायचा, कारण आयसोब्युटेन पेट घेतो. नंतर कोरडा नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट. कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी नळी) आणि फ्रिझरची इव्हॅपोरेटर (गार होणारी) नळी कापून वेगळी करून दोन्हींची टेस्ट स्वतंत्र घेतात. कंडेन्सरच्या बाजूला साधारण १५० ते २०० पीएसआय (दाबाचं एकक), फ्रिझरच्या बाजूला त्याहून बराच कमी. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे आणि गेज लावून रात्रभर ठेवायचं. नायट्रोजन महाग पडतो म्हणून कुणी ऑक्सिजन वापरू लागला तर त्याला तिथंच थांबवावं. कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून त्याचा स्फोट होतो. गळती सापडून बंद झाली की फिल्टर ड्रायर, म्हणजे नळीतला ओलावा आणि कचरा अडवणारी डबी, नवा. सिस्टिम उघडली की ड्रायर बदलायचाच, यात सूट नाही, कारण जुन्यातले ओलावा शोषणारे दाणे हवेतला दमटपणा पिऊन बसलेले असतात. मग व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनच्या आसपास किंवा खाली आणायचं, पंप बंद करून काटा चढतोय का बघायचं, आणि मग वजनावर गॅस. एवढं सगळं नीट करायला अर्धा दिवस आणि टेस्टची रात्र लागते. घरी येऊन पाऊण तासात ‘झालं’ म्हणून गेलेल्या माणसानं यातलं काय केलं असेल, याचा अंदाज कुणालाही येईल.

आता बिलाकडे. आमच्या पहिल्या दुरुस्तीच्या बिलावर दोनच ओळी होत्या: गॅस चार्जिंग लेबरसह, आणि व्हिजिट. मिळून ४,५०० रुपये, १८ टक्के जीएसटीचे ८१०, एकूण ५,३१०. लीक टेस्ट नाही, नायट्रोजन नाही, फिल्टर ड्रायर नाही. जॉबशीटवर निदानाच्या रकान्यात ‘गॅस शॉर्ट’ असे दोन शब्द. पुढं हेच दोन कागद सगळ्यात जास्त कामाला आले. काय केलं ते त्यांनीच लिहून दिलं होतं आणि काय केलं नाही ते त्याच कागदावर कोरं होतं. म्हणून बिल घेताना तपशील मागून घ्यावा. सगळं एका ओळीत ‘रिपेअर चार्जेस’ म्हणून लिहिलेलं बिल नंतर मुकं राहतं.

नवी पेठेतून, चौकातल्या दुकानातून बोलावलेल्या मेकॅनिककडे बिल नसतंच, असं लोक म्हणतात. केलेल्या सेवेचं बिल न देणं ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे, पण ते झालं कायद्याचं. व्यवहारात पैसे यूपीआयनं द्यावेत आणि त्याच वेळी व्हॉट्सॲपवर ‘फ्रिजचा गॅस भरल्याचे अमुक रुपये पाठवले, ड्रायर बदलला ना?’ असा मेसेज टाकावा. त्यानं ‘हो’ लिहिलं तरी पुरावा, काहीच लिहिलं नाही तरी तारखेचा आणि रकमेचा पुरावा. ओळखीतला म्हणून फुकट काम करून घेतलं असेल तर मात्र तक्रार विसरावी. मोबदला न घेता दिलेली सेवा या कायद्यात येत नाही.

दुसऱ्यांदा बिघाड आल्यावरचे पहिले काही दिवस सगळ्यात मोलाचे. तक्रार कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर किंवा ॲपवर नोंदवावी, ओळखीच्या टेक्निशियनला परस्पर फोन करू नये. तक्रार क्रमांक कंपनीच्या यंत्रणेत निघाला की ‘सर्व्हिस सेंटर आमचं नाही, फ्रँचायझी आहे’ हे म्हणायला कंपनीला जागा उरत नाही. टेक्निशियन आला की जॉबशीटवर तो नेहमीसारखं ‘नो कूलिंग’ लिहितो. तेवढ्यावर सही करू नये. ‘पूर्वीच्या जॉब क्रमांक अमुकमधील त्याच दोषाची पुनरावृत्ती’ एवढं वाक्य ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात लिहून घ्यावं, तो लिहीत नसेल तर सहीशेजारी स्वतःच्या हातानं लिहावं आणि फोटो काढावा. आजकाल सही मोबाईलवर, ओटीपी देऊन होते. ओटीपी दिला की जॉब ‘पूर्ण’ दिसतो, किंवा ‘ग्राहकाने एस्टिमेट नाकारले’ या शेऱ्यानं बंद होतो. तसा एसएमएस आला तर त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवर उत्तर टाकावं की एस्टिमेट नाकारलं कारण दोष जुनाच आहे.

पुढची अडचण खरी कठीण. फ्रिज तसाच ठेवला तर घर अडतं, दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतला तर पुरावा जातो. यातून वाट निघते ती तारीख दिलेल्या नोटिशीतून. आम्ही सर्व्हिस सेंटर आणि कंपनी दोघांना लेखी कळवलं की अमुक तारखेला अमुक वेळी स्वतंत्र तंत्रज्ञाकडून सिस्टिम उघडून तपासणी होणार आहे, तुमचा माणूस हजर ठेवा, नंतर आम्ही फ्रिज दुरुस्त करून घेऊ. कुणी आलं नाही. पण बोलावलं होतं याचा कागद राहिला, आणि ‘आमच्या पाठीमागं उघडला’ हा बचाव तिथंच संपला.

तंत्रज्ञ निवडताना आयटीआयचं रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचं ट्रेड सर्टिफिकेट असलेला आणि आयोगात शपथपत्र द्यायला तयार असलेला माणूस बघावा. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड. कामाचे पैसे ठरवतानाच अहवालाचे आणि शपथपत्राचे वेगळे पैसे ठरवले की तो नंतर फोन उचलतो. आमच्या तपासणीत त्यानं कंडेन्सर आणि फ्रिझरची बाजू वेगळी केली, दोन्हींना नायट्रोजन भरून गेज लावलं आणि संध्याकाळी दोन्ही काट्यांचे फोटो घेतले, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून. सकाळी फ्रिझरचा काटा जागेवर होता, कंडेन्सरचा बराच उतरलेला. बाहेरच्या सांध्यांवर साबणाचे बुडबुडे कुठंच नाहीत. म्हणजे गळती बाजूच्या पत्र्याआड, फोममध्ये गाडलेल्या नळीत. तिथं टाकाच घालता येत नाही. उपाय एकच असतो, ती आतली नळी सोडून द्यायची आणि मागं बाहेरून जाळीचा कंडेन्सर बसवायचा. दाराच्या चौकटीभोवती फिरणारी गरम नळीही त्यात सुटली तर पावसाळ्यात चौकटीवर घाम येतो, तेवढं सोसावं लागतं. पहिल्याच वेळी प्रेशर टेस्ट घेतली असती तर हे तेव्हाच कळलं असतं.

आणखी एक गोष्ट त्यानं दाखवली. चार्जिंगच्या नळीचा सांधा ताजा होता, टाक्याचा रंग वेगळा दिसत होता. फिल्टर ड्रायरचे दोन्ही सांधे मात्र कारखान्यातले, वरचा रंगही न खरचटलेला. ड्रायरला कुणी हातच लावला नव्हता. बिलात ड्रायर नाही आणि मशीनमध्येही जुनाच, हे दोन पुरावे एकमेकांना जुळले.

अहवालात नाव, शिक्षण, तपासणीची तारीख, वापरलेली साधनं, भरलेला दाब, किती वेळ ठेवला, काय दिसलं आणि त्यावरून मत, या क्रमानं लिहून घ्यावं. ‘कंपनीनं फसवलं’ असली वाक्यं त्यात नकोत. तंत्रज्ञानं काट्याबद्दलच बोलावं.

वकिलाची नोटीस पाठवणं कायद्यानं सक्तीचं नाही. पण नोटीस न देता केलेल्या तक्रारीवर पहिला प्रश्न ‘त्यांना संधी दिली का’ हाच येतो. साध्या कागदावर, स्वतःच्या सहीनं, मराठीत चालते. त्यात खरेदीची तारीख, पहिल्या दुरुस्तीचा जॉब क्रमांक, बिलाची रक्कम, दुसऱ्या बिघाडाची तारीख, तपासणीत काय आढळलं, काय हवं आणि १५ दिवसांची मुदत. स्पीड पोस्टनं पाठवून ट्रॅकिंगचा ‘पोचलं’ म्हणणारा प्रिंट काढून ठेवावा, कारण काही आठवड्यांनी साईटवर तो दिसेनासा होतो. त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर मराठीतून तक्रार घेतात. ही कोर्टाआधीची पायरी आहे. ते कंपनीला तक्रार पुढं पाठवतात, आदेश देऊ शकत नाहीत. आम्हाला कंपनीचं उत्तर आलं: दुरुस्तीची वॉरंटी संपली आहे, सद्भावना म्हणून गॅसच्या दरात सवलत देऊ. सवलत घेतली नाही, उत्तर मात्र छापून ठेवलं. त्यात ‘गळती शोधली होती’ असं कुठंही म्हटलेलं नव्हतं. पत्रव्यवहार कितीही चालू असला तरी दोन वर्षांची मुदत त्यानं वाढत नाही. मुदत पहिल्या दुरुस्तीच्या तारखेपासूनच मोजून चालावं, म्हणजे विलंब माफीचा अर्ज करायची पाळी येत नाही.

तक्रार आता ई-जागृती पोर्टलवर दाखल होते. १ जानेवारी २०२५ ला ते सुरू झालं, त्याआधी ई-दाखिल होतं. कंपनीचं मुख्यालय मुंबईत असो की गुरुग्राममध्ये, कलम ३४ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. त्यामुळे बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, करमाळा कुठलाही तक्रारदार असला तरी सोलापूरचाच जिल्हा आयोग. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. मोजायची ती दिलेली रक्कम, मागितलेली भरपाई नव्हे. अपलोड करायच्या पीडीएफमध्ये अनुक्रमणिका, तारखांचा तक्ता, तक्रार, नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र, ओळखपत्र आणि पुराव्याचे कागद. स्कॅन तिरके, पुसट असले किंवा पानांना क्रमांक नसले की छाननीत त्रुटी निघते आणि प्रकरण तिथंच अडकतं. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट लावले तर सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. आयोगाची पद्धत साधी, संक्षिप्त असते, तरी समोरच्या वकिलाला आक्षेपाला जागा कशाला द्यायची? ऑनलाईन भरूनही छापील संच लागतात. विरुद्ध पक्ष जितके तितक्या जादा प्रती धराव्यात.

विरुद्ध पक्ष म्हणून सर्व्हिस सेंटर आणि कंपनी, एवढेच दोघे. ज्या दुकानातून फ्रिज घेतला त्या दुकानदारालाही गोवण्याचा मोह होतो. त्याचा दुरुस्तीशी संबंध नाही, त्याची नोटीस बजावण्यात एक-दोन तारखा जातात आणि पाहिजे तेव्हा साक्षीला येणारा ओळखीचा माणूस दुखावतो.

मागणीबद्दल आमचं मत ठाम आहे. पाच वर्षं वापरलेल्या वस्तूच्या दुरुस्तीच्या वादात ‘नवीन फ्रिज द्या आणि एक लाख मानसिक त्रासाचे’ असं लिहिलं की तक्रारीचं वजन कमी होतं. मूळ मागणी दुरुस्तीच्या रकमेची परत, व्याजासह. दुसरी, नीट दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च बिलासह. मग त्रासाची माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च. आम्ही फ्रिज बदलून मिळण्याची मागणी पर्यायी म्हणून ठेवली होती आणि ती पुढं फेटाळली गेली.

वकील लागतोच असं नाही, तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो. लावायचा असेल आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिलांना तिथं उत्पन्नाची अट नाही, हे फार कमी जणींना माहीत आहे. पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्यांचा प्रश्नही इथंच: मागाची मोटर भरून (वाइंडिंग नवं करून) घेतली, पुन्हा जळली, तर ग्राहक म्हणून जाता येतं का? स्वतः राबून पोटासाठी चालवलेले माग असतील तर येतं, कामगार लावून चालवलेला कारखाना असेल तर तो व्यापारी हेतू ठरतो आणि तक्रार दारातच अडते.

दाखल झाल्यावर स्वीकृतीची सुनावणी. साधारणपणे २१ दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कलम ३६ म्हणतं. तिथं दोनच गोष्टी दाखवायच्या, मोबदला दिला आणि मुदतीत आलो. मग विरुद्ध पक्षाला नोटीस. त्यांना लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस आणि वाढवून आणखी १५. ४५ व्या दिवसानंतर म्हणणं घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ४ मार्च २०२० ला स्पष्ट केलंय. नोटीस कधी बजावली ती तारीख रोजनाम्यावरून, म्हणजे आयोगातल्या प्रकरणाच्या तारीखवार नोंदीवरून, टिपून ठेवा आणि ४५ दिवस उलटले की ‘म्हणणे नाही’ असा आदेश मागा. कुणी आपणहून देत नाही. आमच्या प्रकरणात सर्व्हिस सेंटर आलंच नाही, त्याच्याविरुद्ध एकतर्फी आदेश झाला. कंपनीचं म्हणणं मात्र वेळेत आलं.

त्यांचे मुद्दे अपेक्षित होते. वॉरंटी संपली. सोलापुरात व्होल्टेजचा त्रास आहे. आणि कलम ३८(२)(सी) प्रमाणे प्रयोगशाळेचा अहवाल नाही. तिसरा मुद्दा ऐकायला भारी वाटतो, पण प्रयोगशाळेची तरतूद मालातल्या दोषासाठी आहे. सेवेच्या तक्रारीसाठी कलम ३८(३) आहे, तिथं शपथपत्रं आणि कागद यांवर निर्णय होतो. म्हणूनच तक्रारीत ‘फ्रिज सदोष आहे’ हे वाक्य आम्ही मुख्य मुद्दा म्हणून ठेवलं नव्हतं. ‘दुरुस्ती सदोष होती’ हे ठेवलं होतं. व्होल्टेजला उत्तर एका ओळीचं: विजेच्या चढउतारानं कॉम्प्रेसर किंवा बोर्ड जातो, पत्र्याआडच्या नळीला छिद्र पडत नाही, आणि कंपनीच्या स्वतःच्या जॉबशीटवर कॉम्प्रेसर आणि बोर्ड ‘ओके’ लिहिलंय.

त्यानंतर प्रत्युत्तर, पुराव्याचं शपथपत्र, तंत्रज्ञाचं शपथपत्र. उलटतपास सहसा तोंडी होत नाही, बहुधा लेखी प्रश्नावली देतात. त्यांनी विचारलं की नायट्रोजन भरताना तुमच्याच तंत्रज्ञानं नळी फोडली नाही कशावरून? उत्तर फोटोंत होतं, कारण भरलेला दाब गेजवर दिसत होता आणि तो ठरलेल्या मर्यादेत होता. पुरावा संपल्याची पुरसीस (आयोगाला दिलेलं छोटं लेखी निवेदन), लेखी युक्तिवाद, मग निकालासाठी बंद. कायद्यात तीन महिन्यांचं लक्ष्य आहे, पण वर्ष धरूनच चालावं. मधल्या साध्या तारखांना व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा अर्ज करता येतो. मध्यस्थीला पाठवलं तर नाही म्हणू नये, मात्र तिथं ‘फुकट गॅस भरून देतो’ ही तडजोड घेऊ नये. गळती असेपर्यंत त्याला काही अर्थ नाही.

निकालात दुरुस्तीचे ५,३१० रुपये व्याजासह परत, बाहेरून कंडेन्सर बसवल्याचा खर्च, त्रासापोटी ३,००० आणि तक्रारीचा खर्च २,००० असा आदेश झाला, कंपनी आणि सर्व्हिस सेंटर दोघांनी मिळून किंवा कुणाही एकानं द्यायचा. ‘मिळून किंवा एकट्यानं’ हे शब्द मागणीतच लिहिलेले असावेत, नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. फ्रिज बदलून द्यायला नकार मिळाला, कारण नळी कारखान्यापासून खराब होती हे आमच्या पुराव्यातून सिद्ध होत नव्हतं. ते बरोबरच होतं.

आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन लगेच दोघांना पाठवावी. अपिलाला ४५ दिवस असतात, ते राज्य आयोगाकडे जातं आणि विरुद्ध पक्षाला त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. एवढ्या रकमेसाठी कंपन्या सहसा अपिलात जात नाहीत, नुसत्या गप्प बसतात. मुदत संपूनही पैसे आले नाहीत तर कलम ७१ खाली वसुलीची दरखास्त आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करता येतो. त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. बहुतेकदा दरखास्तीची नोटीस पोचली की चेक येतो. चेकसोबत ‘आदेशाची पूर्तता झाली’ अशी छापील पुरसीस सहीसाठी येते. रक्कम खात्यात जमा होईपर्यंत तिच्यावर सही करू नये, आणि व्याज आदेशात दिलेल्या तारखेपासून मोजलंय की निकालाच्या तारखेपासून, ते आधी कॅल्क्युलेटरवर मांडून बघावं. आमच्याकडे आलेल्या पहिल्या चेकात ते निकालाच्या तारखेपासून मोजलेलं होतं. फरकाची रक्कम लेखी मागितल्यावर दुसरा चेक आला, तो वटल्यावर सही केली.